लेबलाला दीड इंच जागा

लेबल दीड इंचाचं.
त्यात काय काय मावेल, यावर आख्खी रात्र गेली.
बंद पडलेल्या शाळेची खोली, पाच मशीन,
फळ्यावर अजून कुणाचा तरी सातचा पाढा,
त्याच्याखाली खडूनं माझा हिशेब:
कापड एकशे दहा, दोरा चार, शिलाई सत्तर.
नागपूरचा दुकानदार म्हणाला, शिलाई पंचवीस करा,
मग बोलू.
बाकीचं सगळं पुसलं, पुन्हा मांडलं.
सत्तर तसेच आहेत, पाढ्याच्या शेजारी.

कुंताबाई वरखडेनं जन्मात जर्सी घातली नाही.
पण पहिल्याच दिवशी पायडलवरचा पाय थांबवून विचारलं,
"पोट्टीले पकडतेत कुठून वं?"
मी दाखवलं: घोटा, कंबर,
आणि घाई झाली की खांदा.
"मंग खांद्याले दोनदा मारतो."
एवढंच आमचं संशोधन.

हळदीत रंगवल्या पहिल्या बारा जर्स्या.
घरोघरी धुतल्या गेल्या, कुठं रिठ्यानं, कुठं साबणाच्या वडीनं,
आणि समुद्रपूरच्या मैदानावर आमच्या पोरी उतरल्या
सात पिवळ्या, पाच लालभडक.
पंचानं शिट्टी तोंडातून काढली.
"ताई, यातली तुमची टीम कोणती?"
त्या दिवसापासून डाळिंबाची साल
आणि गंजलेले खिळे.
रंग निघतो पाऊस धरलेल्या आभाळाचा.
सुगंधा आत्राम म्हणते, म्हशीचा.

मोरेश्वर ढोकांचा कापूस, फवारणीविना पिकलेला,
हिंगणघाटात त्याचं सूत होतं, इथवर मी सोबत जाते.
पुढं सूत ट्रकमध्ये बसतं, तिरुपूरला विणलं जातं,
आणि तागा होऊन परत येतं
मुंबईहून आलेल्या भाच्यासारखं,
ओळख दाखवत नाही.
तिथं फोन लावला. विचारलं,
विणणाऱ्या बाईला दिवसाचे किती देता?
"मॅडम, लाईट गयी," म्हणाला,
जणू दिवा गेल्यावर आकडा दिसत नाही.
दुसऱ्या दिवशीही लाईट नव्हती.

तर लेबलावर काय लिहू?
निर्मळ? नैतिक? न्यायानं शिवलेलं?
दुकानदारानं सुचवलं,
"हसऱ्या हातांनी बनवलेलं" टाका, खपतं.
वाचून दाखवलं तर बाया इतक्या हसल्या
की शोभा मुनची सुई बोटात गेली.
"हात कुठून हसतेत? कंबर दुखते ते लिव्हा."

शेवटी लिहिलं, बारीक टायपात:
कापूस मोरेश्वर ढोक, बोरखेडी.
शिलाई कुंताबाई वरखडे, सत्तर रुपये.
विणाई: माहीत नाही. विचारतो आहोत.
घाम आला की जड होते, वाळायला वेळ लागतो.
छापणारा म्हणाला, असं कोणी लिहितं का?
म्हटलं, छाप.

तालुक्याचा अंतिम सामना. शेवटची चढाई.
सुगंधा रेषेपासून हातभर,
तिघी तिच्या पायात, चौथीनं खांदा धरलेला,
आणि मी बाकावर, गुडघ्याची जुनी पट्टी आवळत,
फक्त खांद्याकडे बघते आहे.
कापड ताणलं. आणखी ताणलं.
तिचा दम सुटला रेषेच्या अलीकडेच.
एका गुणानं हरलो.
उसवलं काही नाही.

जर्सी उलटी करून तिनं पिळली.
मानेपाशी चार दोऱ्यांची टोकं.
"लेबल कुठाय गं?"
"ब्लेडानं काढलं म्या. टोचत होतं मानेले."
बाराच्या बारा जणींनी काढली होती.
कोणी वाचलं होतं का, विचारायचं राहूनच गेलं.

परतीच्या एसटीत कुंताबाई माझ्या शेजारी,
हातात ती ओली जर्सी,
खांद्यावरून अंगठा फिरवत,
मागं, पुढं, पुन्हा मागं.
जांब येईस्तोवर काही बोलली नाही.
मग म्हणाली, "मानेपाशी छापून टाकू.
पण ते सत्तर मोठे काढ थोडे."